सात नंबरच्या रांगेतला गोंद

११ जून, रविवार

मेंढ्यांवर नेमणूक झाली!

इतकी वर्षं सुपरमार्केटमध्ये भांडी, प्लास्टिक आणि पडदे या विभागाची पर्यवेक्षक म्हणून झिजले, तेव्हा कुठे ही पायरी आली. बकरी ईदपर्यंत पार्किंगमधला तंबू माझ्याकडे. तौफीकसाहेब म्हणाले, "लल्ला तामू, ताट काय आणि मेंढा काय, शेवटी दोन्ही मालच." हे आमचे नवे व्यवस्थापक, मला 'लल्ला' म्हणजे 'बाई' असा मान देणारे. दुकानदारी शिकायला परदेशात गेले होते. कासाब्लांकात पोरं ती आईच्या कडेवर बसून शिकतात, पण असो.

वर असंही म्हणाले, की हंगाम बिनतक्रार गेला तर सुट्टीनंतर वरच्या मजल्यावरची खुर्ची माझी. ही खुर्ची आजवर तीन व्यवस्थापकांनी मला दाखवली. बसायला एकानेही दिली नाही.

आईला सांगितलं. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "मग आता मेंढे तुला सलाम करतात?"

१२ जून

ट्रक आले. आरडाओरडा, लेंड्या, धूळ. उतरवताना दोन-चार मेंढे फळीवरून घसरले. तौफीकसाहेब नाकाला रुमाल लावून "काळजीपूर्वक, काळजीपूर्वक" म्हणत होते, अगदी काचसामान उतरत असल्यासारखं.

माझ्या छातीवरची पट्टी — 'मी आपली काय मदत करू?' — एका मेंढ्याने खाल्ली. त्याला खरंच मदत हवी असावी.

१४ जून

भांडी घेणारं गिऱ्हाईक सोज्वळ असतं, हे आज कळलं. कढई घेताना कुणी तिचे दात बघत नाही.

इथे मात्र ओठ वर करून दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा, शिंगं धरून हलवायची, आणि मग माझ्या कानात — "हे झालं लोकांसाठी. चांगले कुठे लपवलेत?" डोळ्यांभोवती काळी वर्तुळं आणि डौलदार शिंगं असलेल्यांचा भाव सगळ्यांत जास्त. निवडला, वजन झालं, पैसे भरले, की पाठीवर लाल नंबर. मेंढा राहतो आमच्याकडेच, ईदच्या आदल्या दिवशी न्यायचा. तोवर माणसं सहकुटुंब भेटायला येतात. पोरांना सांगतात, "तो बघ आपला." एवढ्या वेळा तर लोक सासरी गेलेल्या मुलीलासुद्धा भेटत नाहीत.

आमच्या खालच्या मजल्यावरचे अब्बासही आले; सगळे त्यांना मानाने 'सी अब्बास' म्हणतात. जन्मभर शहराची बस चालवली, त्यामुळे अजून प्रत्येकाला "पुढे सरका" म्हणतात. बरोबर बायको, फातना. हिवाळाभर दवाखान्यात होती, पहिल्यांदाच एवढ्या लांब चालत आली. मेंढा तिनेच निवडला. तिचे डोळे इतके चमकले, की मी मान वळवून उगाच दोऱ्या मोजत बसले.

पैसे भरताना सी अब्बास म्हणाले, "मी दुकानातून कधीच घेत नाही. या वेळी तुझ्या शब्दावर घेतोय, लल्ला. त्याच्यावर लक्ष ठेव."

"ठेवीन," मी म्हणाले. शब्द द्यायला काय लागतं!

१७ जून

तौफीकसाहेबांना माझी दया आली. मी अजून मेंढा घेतला नाही हे ऐकून त्यांनी स्वतः एक बाजूला काढला. "तुमच्यासाठी खास, लल्ला. हा नंबरसुद्धा मीच टाकला." तंबूच्या मागे एकटा बांधलाय. शांत स्वभावाचा आहे म्हणे, चारचौघांत रमत नाही. शिंगं अशी, की भिंतीवर टांगावीत.

दया करणाऱ्या साहेबाला जपून राहावं, असं आई म्हणते. पण मेंढा सुरेख आहे. पगारातून कापून घेतील.

२१ जून

आज परदेशी विद्येचा प्रयोग झाला. महाग माल गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर मांडायचा असतो, हा नियम. साबणाला लागतो, शॅम्पूला लागतो, तेव्हा मेंढ्याला का नाही? सगळे मोठे, उंची मेंढे पुढच्या एकाच कुंपणात! विकलेलेसुद्धा — म्हणजे दुकान भरलेलं दिसतं.

मी म्हटलं, साहेब, हे नर आहेत. एकमेकांना ओळखत नाहीत.

म्हणाले, "ओळख होईल."

मेंढ्यांची व्यवस्था बघणारा बूशाइब माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही. मला वरची खुर्ची हवी आहे.

२२ जून

ओळख झाली.

पहाटेपासून टक्कर. बूशाइब मध्ये पडला, त्याची बरगडी दुखावली. आणि एका मेंढ्याचं डावं शिंग बुडापासून मोडलं. धूळ झटकून नंबर बघितला, पुन्हा बघितला. सी अब्बासचाच. एवढ्या कळपात नशिबाला दुसरा कुणी सापडला नाही!

मोडक्या शिंगाचा मेंढा कुरबानीला कोण घेऊन जाईल? आणि फातनाने निवडलेला!

तौफीकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. पैसे परत करायचे नाहीत, बदलून द्यायचा नाही, एक तक्रार म्हणजे शंभर तक्रारी. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सात नंबरच्या रांगेत गोंद आहे, पिवळ्या नळीतला. आधी दोन्ही बाजू खरवडून घ्यायच्या. पातळ लावायचा, दोनदा. रात्रभर बांधून ठेवायचं. आणि सांध्यावर काजळ. जाड नाही, बोटाने पसरवून."

एवढी बारीक माहिती! परदेशातलं शिक्षण आज प्रथमच उपयोगी पडताना पाहिलं.

"म्हातारा एक दिवस बघणार," म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मेंढ्याला शिंगं लागतात कुठे? आणि तुमच्या खुर्चीचा कागद माझ्यासमोरच आहे, लल्ला."

२३ जून

गोंदाची नळी पर्समध्ये. दिवसभर तिला हात लागतोय, किल्ल्या शोधताना.

सी अब्बास शिळा पाव घेऊन मेंढ्याला भेटायला आले. मी सांगितलं, आज तंबूत औषध फवारलंय, आत सोडत नाही. "बरं," म्हणाले. पाव माझ्या हातात दिला. "तूच घाल. तुझ्याकडून खाईल."

खाल्ला. एकशिंग्याने अगदी विश्वासाने खाल्ला.

२५ जून

झोप नाही. माणसाला फसवणं वेगळं. तो चुकला तर म्हणता येतं, त्याने बघून घ्यायला हवं होतं. पण हा मेंढा जिथे जायचाय तिथे काजळ लावून पाठवायचा? देवाला सात नंबरची रांग कळत नाही असं तौफीकसाहेबांना वाटतं.

संध्याकाळी खाली गेले. फातना आत होती. सी अब्बासना जिन्यात बोलावून सगळं सांगितलं — गोंद सोडून. साहेबाची अब्रू मी का झाकली, देव जाणे. नाही, मलाही माहीत आहे. खुर्ची.

त्यांनी कठडा धरला. मग म्हणाले, "फातनाला काय सांगू?"

मी म्हटलं, माझा मेंढा घ्या. साबूत आहे, वजनाला जास्तच. तुमचा मी ठेवते.

"शेजारणीचा मेंढा? तोंड कुठे दाखवू?"

"अंधारात जिना चढा," म्हटलं. शेवटी कबूल झाले. रात्रीच तंबूत जाऊन नंबर माझ्या हाताने बदलले.

आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आपल्याकडे एक शिंग येणार की दीड?"

२८ जून

आज सगळे मेंढे गेले. तीनचाक्या, गाड्यांच्या डिक्क्या, एक तर खांद्यावरून. सी अब्बास "पुढे सरका, पुढे सरका" करत माझा मेंढा घेऊन निघाले. फातनासाठी त्याच्या गळ्यात फीत बांधली होती.

तौफीकसाहेब माझ्या शेजारी उभे. दोन्ही शिंगं डोलत जाताना पाहिली आणि खूश झाले. "कळतसुद्धा नाही! हात आहे तुमचा, लल्ला."

सही झालेला कागद त्यांनी लगेच हातात ठेवला. नळी अजून पर्समध्येच आहे, न फोडलेली. कष्टाशिवाय बढती मिळते म्हणतात ती ही!

एकशिंग्या वर गच्चीवर. आईने त्याला मेंदी लावली.

२९ जून, ईद

नमाजहून परतले, तो गच्चीच्या दारात सी अब्बास. एका हातात दोरी, दोरीला माझा तो खास मेंढा. दुसऱ्या हातात त्याचं शिंग. भाच्याने जिन्यात शिंगाला धरून ओढलं, ते हातात आलं. सांध्यावर काजळ, बोटाने पसरलेलं. आत पिवळट गोंद, कधीचाच सुकलेला.

ओरडले नाहीत. म्हणाले, "माझा द्या, लल्ला. मशिदीतले फकीह म्हणाले, जखम सुकली असेल तर चालतो. आणि माझा निदान उघडपणे मोडला होता."

फातना खालून हाका मारत होती. आपला मेंढा घेऊन ते गेले.

शिंग मी ठेवून घेतलं. सुट्टीनंतर वरच्या मजल्यावर, तौफीकसाहेबांच्या समोरच, मला टेबल मिळणार आहे. त्यावर ठेवायला काहीतरी हवंच होतं.