आईच्या मनीप्लांटच्या फांद्या

३ ऑगस्ट
मनीप्लांट सडतोय. पानं पिवळी, बुडखा लिबलिबीत. आईनं लावलेला. आई जाऊन वर्ष होत आलं. बाबांचं एकच पालुपद — "हे झाड टाकून मी तुझ्या नव्या घरी येणार नाही." आणि महिनाअखेर हे घर सोडायचंय! आधी राग आला, मग रडू.

५ ऑगस्ट
नर्सरीवाल्याला बोलावलं. कुंडीत बोट खुपसून म्हणाला, "ताई, पाणी फार होतंय. किती जण घालता?" तेव्हा उलगडा झाला — सकाळी मी, दुपारी बाबा. दोघंही गुपचूप. तो म्हणाला, "झाड काही वाचत नाही. वरच्या फांद्या पेराखाली कापा, पाण्यात ठेवा. मुळं धरतील."
कापताना बाबांनी तोंड फिरवलं.

८ ऑगस्ट
आम्ही दोघांनी पाणी बंद केलंय. कुंडी तरीही ओलीच.

११ ऑगस्ट
फांद्या आईच्या काचेच्या बरणीत, खिडकीत ठेवल्यात. पानं उजेडाकडे वळायला हवीत. पण सकाळी बघावं तर तोंड घरात! ही आईची खोड. उठल्या उठल्या कुंडी फिरवायची — "घरचं असून बाहेर काय बघतंय?" बाबाच फिरवत असणार. गुडघे धड नाहीत, पण हौस दांडगी.

१५ ऑगस्ट
जेवताना बाबा म्हणाले, "रोज बरणी फिरवतेस ते बरं करतेस. आईवर गेलीस."
मी नाही, असं सांगितलं नाही. भीती वाटते.

२३ ऑगस्ट
मुळं फुटली. पांढरी, बारीक. बाबा बराच वेळ बघत बसले. "झाडाचं झालं गं. पण तुझी आई? ती इथं एकटी कशी राहील?"
येणार नाही म्हणतात ते म्हणतातच.

२९ ऑगस्ट
सामान हलवलं. बाबा तूर्त धाकट्या बहिणीकडे. बरणी मी मांडीवर घेऊन आले. नव्या खिडकीत ठेवली, पानं मुद्दाम बाहेरच्या बाजूला. दाराला आतून कडी. घरात मी एकटी.

३० ऑगस्ट
पानं घरात बघतायत. बरणीत ताजं पाणी.
बाबांना फोन केला. म्हटलं, या आता. ती आलीय.