साहेबांनी शोधून दिलेला चेंडू

शनिवार, संध्याकाळ

आज गोल्फमध्ये मी थॉमस साहेबांना हरवलं, आणि तेच खटकतंय. आखातातल्या माझ्या सहा वर्षांत बॉस ऑफिसातल्या कुणाकडून हरलेले नाहीत. सातव्या होलला माझा चेंडू गुडघाभर सुक्या गवतात गेला. साहेब स्वतः आत शिरले. "मिळाला, हबीबी!" पण माझ्या चेंडूवर हिरवा ठिपका होता, याच्यावर नव्हता. दुसऱ्याला जिंकवायला कोण लबाडी करतं?

घरी येऊन बायकोला, शबानाला सांगितलं. आधी हसली, मग म्हणाली, "परवा त्यांच्या मिसेस विचारत होत्या, मुलांना गावी रत्नागिरीच्या शाळेत कधी घालणार? आपलं तर परत जायचं ठरलेलंच नाही."

तो हिरवा ठिपका डोक्यातून जाईना. शेवटी साहेबांना फोनच लावला.

"सर, माझी नोकरी गेली का?"

ते म्हणाले, "आज तरी तू जिंकावंस, असं वाटलं."