आवाज राखून

४ सप्टेंबर

माझी खुंटी गेली!

रंगपटातली खिडकीजवळची खुंटी. तिच्यावर मी आजवर कोट टांगला, छत्री टांगली, एकदा रागाच्या भरात विगसुद्धा टांगला. आज तिच्यावर एक गुलाबी पिशवी! व्यवस्थापकांकडे रीतसर तक्रार नेली. म्हणाले, "बाई, भिंतीला अजून सहा खुंट्या आहेत." असतील ना! जगात पुरुषही पुष्कळ आहेत, म्हणून कुणी नवरा बदलत नाही. (बदलतात. पण खिडकीजवळचा मिळावा म्हणून नाही.)

पिशवी राखीव पोरीची. मी आजारी पडले तर माझी भूमिका तिने गायची, अशी तिची नेमणूक. मला ताई म्हणते. "ताई, घसा कसा आहे?" – रोज. माझ्या तब्येतीत इतका रस माझ्या सख्ख्या आईनेही घेतला नव्हता.

७ सप्टेंबर

तालीम. आवाज राखून गायले.

९ सप्टेंबर

आमच्या ऑपेरात ही एक मोठी सोय आहे. तालमीत कुणी भरल्या गळ्याने गात नाही. पुटपुटायचं, वरचे सूर खालीच उरकायचे, आवाज प्रयोगासाठी राखायचा. जितकी मोठी गायिका तितकं जास्त पुटपुटणं. त्यामुळे मी नेमकं काय राखते आहे, हे कुणी विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात घशातून दोन गाठी काढल्या. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी गाऊन बघा. सहा कधीच झाले. मी बघितलेलं नाही. न्हाणीघरात नळ सोडते, तोंड उघडते, मिटते, नळ बंद करते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार – आणि मी रोज पोहरा घासूनपुसून ठेवते आहे!

तिसऱ्या अंकातल्या गाण्याच्या शेवटी तो वरचा सूर आहे. लोक तिकीट काढतात ते त्याच्यासाठी. बाकीचे अडीच तास ते खोकतात.

१३ सप्टेंबर

छडीमास्तरांनी (वाद्यवृंद हेच हाकतात) आज थांबवून विचारलं, "सगळं ठीक ना?"

"राखतेय."

"राखा, राखा." आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे पाहतात.

१८ सप्टेंबर

उद्या पहिला प्रयोग. नवरा म्हणाला, "एकदा गाऊन टाक, म्हणजे सुटशील." दातांचा डॉक्टर! त्याच्या मते उपटलं की सुटलं.

"आणि नाहीच आला सूर तर?"

"तर दुसऱ्या भूमिका असतात की. दाई, चेटकीण, नायिकेची आई."

नाही. चेटकीण घरी फुकट करते तेवढी पुरे. सूर आला तर गाणार, नाहीतर गाणं बंद. दानधर्माच्या चार ओळी मला नकोत.

१९ सप्टेंबर

आला!!

२० सप्टेंबर

आला. अडकलेला खण एकदम सरकावा तसा आला! मलाच दचकायला झालं. टाळ्या थांबेनात. छडीमास्तरांनी छडी खाली ठेवली. राखीव पोरगी गळ्यात पडून रडली. कशासाठी ते मी आज विचारणार नाही, आज माझी जीभ सुट्टीवर आहे. नणंदेचा फोन – "वहिनी, वय कळतच नाही हो तुमचं." तिलासुद्धा मी गोड उत्तर दिलं.

किती दिवसांनी पोटभर जेवले.

२४ सप्टेंबर

कॅन्टीनमध्ये रांगेत उभी होते. माझ्या पुढे बासरीवाला, शेजाऱ्याशी कुरकुरत – "तिसऱ्या अंकातलं गाणं आधी कसं सरळ पांढऱ्या पट्टीत होतं. आता पाच काळ्या! बोटांची पार वाट लागते."

शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. तो वळला. हातातला चहा बशीत सांडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नवे कागद... पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी दिले."

अख्खं गाणं अर्धा सूर खाली उतरवलेलं. म्हणजे मी गायले तो तो सूर नव्हताच. त्याच्या खालच्या पायरीवरचा, त्याचा धाकटा भाऊ! आणि सबंध वाद्यवृंदाला ठाऊक होतं. तीन अंकांत एकदाच झांज वाजवणाऱ्यालासुद्धा.

२५ सप्टेंबर

कानाला कळायला हवं होतं. पण कानही माझाच. त्यालाही तेच ऐकायचं होतं.

नवरा म्हणतो, "मला तर छान वाटलं होतं." तुला तर घड्याळाचा गजरही छान वाटतो!

छडीमास्तरांना गाठलं. "मला फसवलंत."

"फसवलं लोकांना. तुम्हाला सांभाळलं."

"पुढच्या प्रयोगाला मूळ पट्टी."

त्यांनी पियानोचं झाकण उघडलं, सूर दिला, आणि थांबले.

गायले. पहिल्यांदाच, काहीही न राखता.

काय निघालं ते लिहीत नाही. कागदालाही लाज असते.

त्यांनी झाकण हळूच लावलं. म्हणाले, "पोरगी तयार आहे, तिला मूळ पट्टी जमते. तुम्ही गाणार असाल तर हे खालच्या पट्टीचे कागद. तुम्ही म्हणाल तसं."

राजीनामा लिहिला. अक्षर फार सुरेख आलं.

२७ सप्टेंबर

राजीनामा अजून पर्समध्ये. तळघरात गेले. वाजवणाऱ्यांसाठी सुरांच्या प्रती उतरवून देणारे गृहस्थ तिथे बसतात. माझं गाणं त्यांनी गुपचूप उतरवलं, म्हणून त्याचं बिल कुठे लावता आलं नव्हतं. किती झाले ते विचारलं. नको नको म्हणाले. टेबलावर ठेवले.

दारातून वळून विचारलं, "आणखी अर्धा सूर खाली करायचं झालं, तर किती दिवस लागतील?"

त्यांनी मान वर केली नाही. "तेही करून ठेवलंय, बाई."

त्याचेही पैसे दिले.