सात नंबरची दुसरी उशी

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची! दीडशे वर्षं जुन्या हॉटेलात खोल्यांची देखरेख माझ्याकडे. खाली रस्ताभर बार आणि नाचघरं. दिवे लागले की गाण्यांच्या दणक्याने भिंतीवरचा आरसा थरथरतो. धाकट्या बहिणीला लगेच कळवलं. परीक्षा संपली की शनिवारी येते म्हणाली. आईबाबांच्या मागे तिला मीच वाढवलंय. कधी एकदा बघते असं झालंय.

मंगळवार
धुलाईच्या मावशी इथे चाळीस वर्षं आहेत. त्यांचा नियम एकच: जितकी माणसं, तितक्या उश्या, एकही जास्त नाही. सात नंबरची खोली कुणालाच देत नाहीत, तरी तिथे रोज संध्याकाळी एक उशी मांडायची. कुणासाठी, म्हटलं, तर म्हणाल्या, जो आहे त्याच्यासाठी. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

बुधवार
सकाळी सात नंबरच्या उशीत मधोमध खळगा होता. मांजर शिरत असेल. शनिवारी हॉटेल गच्च आहे, मग धाकटीला ही खोली म्हणजे आयतीच सोय. आज तिच्या नावाने दुसरी उशी मांडून ठेवली. थेट सात नंबरला ये, असा तिला निरोपही पाठवला. मावशींना बोलले नाही. उगाच कशाला त्यांच्या जिवाला घोर?

गुरुवार
पहिल्या उशीत खळगा. दुसरी कोरी, पण तिच्या अगदी जवळ ओढलेली. त्या बाजूचं पांघरूणही दुमडून ठेवलेलं, कुणी यायचं असावं तसं.
मावशींना सांगावंच लागलं. त्या हातातल्या चादरी खाली ठेवत म्हणाल्या, "मांडलेली उशी भरल्याशिवाय राहत नाही गं. कुणाचं नाव मनात धरून मांडलीस?"


शुक्रवार
उशी तीनदा उचलून कपाटात कोंडली. तीनदा पलंगावर. धाकटीचा फोन बंद. वसतिगृहातून कळलं, सकाळीच निघाली, उद्या पोचेल. माझ्याच हाताने मी हे —

शनिवार, दुपार
अजून फोन बंद. खाली दारात मावशींना उभं केलंय, तिला परतवायला. तरी धीर नाही. उशी भरायचीच ना? मग मी भरते. तिच्या वाटची मी.

चपला काढल्या. आडवी झाले. पलीकडची गादी दबली. मी तिकडे बघत नाही —

उठता येत नाही. हात तेवढा चालतोय.

डाव्या अंगाला तिसरी उशी. मी आणली नाही. मी —

दारावर टकटक. मावशी कुठे गेल्या? धाकटीचा आवाज. "ताई, उघड ना."

माझ्या शेजारून, हुबेहूब माझ्या आवाजात: "ये गं, तुझी उशी मांडलीय."

कडी सरकतेय. मी तोंडसुद्धा उघडलं नव्ह