स्पेस दाबा

चौल, मंगळवार, संध्याकाळ

अप्पांना दोष देऊ कसा? चूक माझीच.

आई गेल्यावर त्यांना तिच्या आठवणी लिहायच्या होत्या, आणि लॅपटॉप सारखा अडकायचा. म्हणून मी कर्नेलची, म्हणजे लॅपटॉप चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची, एक सेटिंग बदलली. त्यासाठी लॅपटॉप सुरू होताना स्वतःची करतो ती तपासणी बंद करावी लागली. काम मात्र जपून केलं. कर्नेलच्या दोन प्रतींपैकी एकीलाच हात लावला, जुनी तशीच ठेवली, बिघडलंच तर असावी म्हणून. केवढं कौतुक वाटलं होतं स्वतःचं!

तपासणी बंद असली की दर वेळी सुरू होताना आधी पडद्यावर सूचना येते: चालू करायला स्पेस दाबा. दाबलं की तपासणी परत चालू होते, पण लॅपटॉपमधलं सगळं पुसलं जातं. मी अप्पांना एवढंच म्हणाले, "काही दाबू नका, थांबा, आपोआप पुढे जाईल." पुसलं जाईल हे का नाही सांगितलं? घाबरतील म्हणून?

रेवसच्या बोटीच्या धक्क्यावर नोकरीत जन्मभर लोकांना पाट्या वाचायला लावणारा माणूस. आज त्यांनी स्पेस दाबली. कीबोर्डवरचं सगळ्यात मोठं बटण.

"त्यावर लिवलं व्हतं, मी दाबलं. परत विचारलं, नक्की का? व्हय म्हटलं."

चार महिन्यांचं लिखाण गेलं. मी कर्नेलची प्रत ठेवली, त्यांच्या पानांची नाही.

अजून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेत. मघाशी हळूच म्हणाले, "तू ती जुनी प्रत ठेवलीस ना? तिच्यात तुझी आय न्हाय का?"