सातवा ठोकळा

३ मार्च
सातवा ठोकळा भट्टीतून सहीसलामत बाहेर! आधीच्या सहांना तडे गेले होते. सिरॅमिकचा, आरपार बारीक भोकांचा ठोकळा, आणि भोकांच्या आत आमचा उत्प्रेरकाचा लेप. डिझेलचा धूर यातून गेला की साफ होऊन बाहेर पडायला हवा. हवा! आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "हा शेवटचा. नापास झाला तर काम बंद."
चार वर्षं घातलीत मी यात.

४ मार्च
जेवताना बाबांचे प्रश्नच प्रश्न. चाचणी कधी? कुठल्या बसवर? – "डेपोतल्या सगळ्यात जास्त खोकणाऱ्या!" डेपोचं नाव काढलं की आमच्या निवृत्त मेकॅनिकला चेव चढतो. नंबर बघत नाहीत म्हणे, नुसत्या आवाजावरून बस ओळखतात. असेल बाबा!

६ मार्च
पास!!! धूर मोजणाऱ्या मीटरचा काटा जेमतेम हलला. मॅडमनी चक्क टाळी दिली. मी धुराच्या नळीशी पांढरा रुमाल धरला – पांढराच राहिला! घरी बाबांना दाखवला. गालातल्या गालात हसले.

७ मार्च
हसण्याचं कारण कळलं. "अगं, परवा दुपारी जाऊन तुझ्या बसचं इंजिन झकास साफ करून आलो. लेकीची परीक्षा, आणि मी हातावर हात ठेवून बसू?"
कपाळावर हात मारला. ठणठणीत माणसाला औषध दिलं, आणि गुण आला म्हणून नाचलो! मी नको नको ते बोलले. बाबा न जेवता उठले.

८ मार्च
मॅडमना सगळं सांगून टाकलं. गप्प बसता आलं असतं, पण तो रुमाल डोळ्यांसमोरून हलेना. "परवा पुन्हा चाचणी," एवढंच म्हणाल्या.
घरी बाबांचा अबोला. माझाही. आई म्हणते, "एकाच मातीचे दोघं, जरा जास्तच भाजलेले!"

९ मार्च
डेपोत एका ड्रायव्हरनं हाक मारली. "ताई, बाबांना सांगा, त्यांनी हात लावल्यापासून माझी गाडी खोकायची थांबली!"
तुमची? मग चाचणीची?
"ती बाबा आले त्या दिवशी रात्रीपर्यंत रूटवर होती. डेपोत होतीच कुठे?"
तिथूनच मॅडमना फोन केला. ड्रायव्हरशी त्या स्वतः बोलल्या. फेरचाचणी रद्द! तो सगळा धूर आमच्याच ठोकळ्यानं खाल्ला होता!

१० मार्च
बाबांची माफी मागितली. निकाल कायम राहिला म्हटल्यावर स्वारी खुलली. "शेवटी माझ्याच हातगुणानं पास झालात ना?"
त्यांचा कान चुकला, हे सांगायला जीभ रेटेना.
"हो बाबा," म्हणाले.