टेकाडावरचं वाळुंज

टाकळी, १७ एप्रिल २०२४

भारत, मला न इचारता तलावाकाठी जेसीबी घातलास. आईला इचारायला तोंड झिजतं का तुझं? आता घे आशीर्वाद. चि. भारत, सुरेखास अनेक आशीर्वाद. मी बरी हाय.

फोनवर तू हो हो करतोस आन् ठेवून देतोस, म्हणून कागद. जालन्यात घर बांध, माडी चढव. पण टेकाडाची वाळू उचलायची न्हाई, त्यावरच्या वाळुंजाच्या झुडपाला हात लावायचा न्हाई. पल्याडच्या काठाची ने. मी आडवी बसले तर तुझा ड्रायव्हर म्हणे, ऊन लागून मरशील. म्या म्हणलं, मरीन तर खड्डा खंदायला तू हायेसच.

माया हाय तेवढी ऱ्हाऊ दे.
तुझी आई द्वारकाबाई

जालना, २१ एप्रिल

ती. आत्याबाईंना सुरेखाचा शि. सा. न. वि. वि.

ह्यांनी पत्र वाचलं, हसले आणि मलाच लिही म्हणाले. त्यांचं म्हणणं, वाळुंजाला ना फळ ना सावली. दर उन्हाळ्यात वाऱ्यानं वाळू चढून गळ्यापर्यंत बुडतंच, एकदाचं गेलं तर काय बिघडलं? पल्याडच्या वाळूत माती आहे, स्लॅबला चालत नाही. जेसीबी पुढच्या सोमवारी, २९ तारखेला परत येणार.

लग्न झाल्यापासून बघते, तुम्ही त्या झुडपाजवळ शेळी फिरकू देत नाही. कारण कधी विचारलं नाही, आज विचारते. रागावून आम्हाला परकं करू नका.
तुमची सुरेखा

टाकळी, २४ एप्रिल

सुरेखा, इतक्या वर्सांत इचारणारी तूच. आशीर्वाद.

भारतच्या आधी मला पोरगी झाल्ती. नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव न्हाई. तान्ही लेकरं जाळत न्हाईत, पुरतात. तुझ्या सासऱ्यानं टेकाडात पुरली आन् खूण म्हणून काठी रोवली. सुकी रोवायची असती, वरसात कुजती, जागा इसरती. त्यानं हाताशी आली ती वाळुंजाची ओली तोडली. आषाढात काठीला पानं आली. त्याला दोस दिला न्हाई. तो जाईपर्यंत आमी दोघं त्यावर बोललो न्हाई.

वाळू चढती तसं ते वर येतं. मी बघते, घरी येऊन भाकरी टाकते. रडू येत न्हाई.

तुमच्यावर जीव हाय, तो असाच ठेवा.
द्वारकाबाई

याचं उत्तर तू लिहायचं न्हाई, सुरेखा. भारतनं सोताच्या हातानं लिहायचं. बहिणीला उकरतोस का ऱ्हाऊ देतोस, तेवढंच.